नळ का फुटतो?

चिंचणीची थंडी पहाटेपुरती. गोधडी ओढली की झाले. नळाचे पाणी गार लागते, पण गोठत नाही. बर्फ आपण पाहतो तो मासळीच्या टोपलीत.

लडाखातल्या लेहला तसे नाही. ते गाव समुद्रापासून सुमारे 3500 मीटर उंच. तिथे भर हिवाळ्यात नळातच बर्फ होतो.

आता गंमत पाहा. 11 मापे पाणी गोठले की जवळजवळ 12 मापे बर्फ होतो. नळात ही जादा जागा कुठली? मग लोखंडाचा नळसुद्धा तडकतो. चीर लगेच कळत नाही. बर्फ वितळला की घरभर पाणी!

म्हणून थंडीआधी मुख्य कॉक बंद करावा. वरच्या आणि खालच्या तोट्या उघडाव्यात. सगळे पाणी निथळून जाते. रिकाम्या नळात गोठणार काय? नळ चालू ठेवायचाच तर त्याला गोणपाट जाड गुंडाळावे.

नळ गोठलाच तर जाळ लावू नये, बरे का! तोटी उघडी ठेवावी. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने तोटीकडून मागे शेकत जावे.

तुमचा मुलगा तिकडे नोकरीला असेल, तर त्याला पत्रात लिहा: “घराचा मुख्य कॉक कुठे आहे, ते आधी विचारून ठेव.”