निवांत सेलची साक्ष

चि. माधव,

तुझे पत्र पावले. बॅटरीतले दोन्ही जुने सेल मिळून व्होल्टमापकावर 2.8 व्होल्ट भरतात, तरीही दिवा मिणमिणतो, तेव्हा दोष दिव्याचाच, असा जो निवाडा तू दिला आहेस तो मला मान्य नाही. कारण ज्या साक्षीवर तो उभा आहे, ती सेल निवांत बसलेले असताना घेतलेली आहे.

विद्युद्दाब हा प्रवाह नसतानाही असू शकतो. परंतु मंडल पुरे होऊन प्रवाह वाहू लागला की वाटेत जेथे जेथे रोध असेल तेथे तेथे तो दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो, आणि ही वाट सेलच्या पोटातूनही जाते, हे आपण हटकून विसरतो. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्रोध वाढतो. हिशेबापुरता दिव्याचा रोध 10 ओहम धर आणि दोन्ही सेलांचा मिळून तेवढाच धर. म्हणजे प्रवाह 0.14 अँपिअर होतो, दिव्याच्या वाट्याला 1.4 व्होल्ट येतात आणि बाकीचे निम्मे सेलांच्या आतच खर्ची पडतात. (दिव्यातील तार थंडावली की तिचा रोध उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे हलतील.) व्होल्टमापकाचा रोध मात्र हजारो ओहम असल्याने तो सेलाकडे नाममात्रच प्रवाह मागतो, आणि आतली ही तूट त्याच्या नजरेस येत नाही.

कोलोनच्या शाळेत शिकविणाऱ्या गेओर्ग ओहम यांचीही हीच अडचण झाली होती. त्यांच्या घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळे. तेव्हा त्यांनी 1826 मध्ये घट बाजूला ठेवून बिस्मथ आणि तांबे यांची जोडणी घेतली, तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून दाब स्थिर केला, आणि मगच निरनिराळ्या लांबीच्या तारांतील प्रवाह मोजला. तारांविषयी काही बोलण्यापूर्वी दाबाच्या उगमाची चौकशी करणाऱ्या या शिक्षकाविषयी मला फार आदर वाटतो.

तू आता दिवा पेटता ठेवूनच व्होल्टमापक सेलांच्या दोन टोकांना लाव, आणि अँपिअरमापक दिव्याच्या वाटेत ओवून घे. तो सेलांच्या टोकांना थेट कधीही लावू नकोस, कारण त्याचा रोध जवळजवळ शून्य असतो. घरातील 230 व्होल्टांच्या तारांना तर यातले काहीही लावावयाचे नाही, ही माझी सक्त ताकीद समज. दोन्ही आकडे एकाच वेळी टिपून, मग ताजे सेल घालून पुन्हा टिपून, उलट टपाली कळव.

तुझा मामा