चरख्याविना सूत

आपल्या ‘नांदेड-४४’ कापसाचं नाव सर्वांना माहीत आहे. कापसाचा तंतू साधारण १५ मायक्रॉन जाड. त्याच्या पन्नासपट बारीक तंतू नुसत्या विजेने काढता येतो! याला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात.

सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण भरून सुईला १०-२० किलोव्होल्ट देतात. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो. (या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ साली मांडलं.) त्यातून बारीक धार सुटते, चाबकासारखी वळवळते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर तंतूंची जाळी जमते.

पण नुसतं व्होल्टेज वाढवून तंतू मिळत नाही. लाडवाचा पाक पातळ असला तर तार येते का? तसंच इथे. पॉलिमरचे लांब रेणू एकमेकांत गुंतले नाहीत, तर फक्त थेंब उडतात. म्हणून आधी द्रावण तपासा, मगच बटण फिरवा!