ओटीचा नारळ आणि दुसऱ्याचा नंबर

भाट्याला माहेरी गेले, की वाडीतल्या कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतं आणि ती मुलगी आईबरोबर आमच्या पडवीत येऊन बसते. मी काही ट्रॅव्हलवाली नाही. रत्नागिरीत एका दुकानात हिशेब लिहिते. पण २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं अंदमानला जाऊन जे काही करून आलो, त्याची कीर्ती झरी विनायकापासून खाडीपलीकडे राजिवड्यापर्यंत पोचली आहे. साड्या, हॉटेलं, समुद्राचा रंग हे सगळं नंतर. मी आधी विचारते, "तिकिटावर नाव कुठलं घातलंस?"

त्या वर्षी मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त होता, म्हणून आमचं लग्न एप्रिलातच उरकलं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, मीही म्हणते. हळद उतरते न उतरते तोच गुरुजी निवडणुकीच्या ड्युटीवर. ७ मेला आमच्या मतदारसंघातलं मतदान झालं आणि मग कुठे फिरायला जायचं बोलणं निघालं. अंदमान ठरवलं गुरुजींनी. सावरकर तिथून सुटून रत्नागिरीलाच आले, तेव्हा रत्नागिरीकराने उलट्या दिशेनं एकदा जायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मधुचंद्राला काळकोठड्या बघायला निघालेलं जोडपं आमच्या अख्ख्या भावकीत पहिलंच.

तिकीट काढलं दिरांनी, त्यांच्या ओळखीच्या एजंटाकडून. दिरांनी एजंटाला व्हॉट्सॲपवर काय पाठवलं असेल? लग्नाची पत्रिका! पत्रिकेवर माझं सासरचं नाव, सासरचं आडनाव. आधारकार्डावर मी अजून बाबांचीच मुलगी. हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही, कारण घरात सगळे मला नव्या नावानं हाक मारायची सवय करत होते.

ध्यानात आणून दिलं ते कोकणकन्येतल्या टीसींनी. रेल्वेचं तिकीट बाबांनी काढलं होतं, अर्थात माहेरच्या नावानं. टीसींनी आधार बघितलं, माझ्या हातातला हिरवा चुडा बघितला, गुरुजींच्या नव्याकोऱ्या बॅगा बघितल्या आणि विचारलं, "फिरायला काय? विमानान?" आम्ही हो म्हटलं. "विमानाचा तिकीट खंयच्या नावान?" गुरुजींनी मोबाइलवर तिकीट उघडलं. दोघांचेही चेहरे बघून टीसींना उत्तर कळलं. त्यांच्या मुलीचं असंच झालं होतं म्हणे. पुढचा डबा तपासून ते परत आले, बाकाच्या कडेला टेकले आणि सकाळपासून काय काय करायचं ते सांगितलं. उतरल्यावर आधी विमान कंपनीला गाठा, उद्या दारावर पोचून हुज्जत घालू नका, विवाहनोंदणीचा दाखला असेल तर तो घरून मागवून ठेवा.

दाखला होता, ही बाबांची कृपा. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी ग्रामपंचायतीत नेऊन नोंदणी करून घेतली होती. तेव्हा मला वाटलं होतं, एवढी काय घाई. आणि दुसरी कृपाही त्यांचीच. विमान २० मेच्या पहाटेचं, तर गाडी १८ च्या रात्रीची धरायला लावली, मधला अख्खा दिवस डोंबिवलीला मामाकडे. मे महिन्यात कोकण रेल्वेच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून त्याच दिवशीचं विमान धरणाऱ्याला बाबा वेडा म्हणतात, आणि तो शब्द ते सहसा वापरत नाहीत.

तर त्या मधल्या दिवशी आम्ही एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "काही होत नाही हो, सोडतात." हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा. कुणी सोडत नाही. दारावरचा जवान ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव ताडून बघतो. तुमच्या मुंडावळ्यांचा फोटो हा त्याच्या लेखी पुरावा नव्हे. दुपारी विमानतळावरच्या कंपनीच्या खिडकीवर जाऊन, दाखला दाखवून, पैसे भरून नाव दुरुस्त केलं. तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलं असतं आणि चूक चोवीस तासांत लक्षात आली असती, तर फुकटात झालं असतं, हे तिथल्या मुलीनं सांगितलं. आधारवर नाव बदलायची घाई करूच नये, असं माझं मत आहे. हातात जे ओळखपत्र आहे तेच नाव तिकिटावर, मग ते कुणाच्या घरचं का असेना. सासूबाईंना वाईट वाटेल असं काहीजणी म्हणतात. वाटू दे. परत आल्यावर समजूत घाला.

नाव दुरुस्त झालं या आनंदात आम्ही वडापाव खाल्ला. त्याच तिकिटावर मोबाइल नंबर कुणाचा आहे, ते मात्र दोघांपैकी एकानंही बघितलं नाही.

आता नारळ. निघताना आईनं ओटी भरली होती. आमच्या परसातले माड नारळ संशोधन केंद्राच्या रोपांचे. हे केंद्र आमच्या भाट्यातच आहे, १९५५ पासून. आईला त्या माडांचा अभिमान, तेव्हा ओटीतला नारळही निवडून घेतलेला, घसघशीत. ओटी बॅगेच्या तळाशी कोंबायची नाही म्हणून मी नारळ खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. पहाटे तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर माझा नारळ कसा दिसत असेल याची मला आजही कल्पना करवत नाही.

तपासणीवरची बाई बोलण्यावरून मराठवाड्यातली वाटली. "ओटीचाय का?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. नियम नियमच होता, हातसामानात नारळ चालत नाही. शबरीमलाला इरुमुडी, म्हणजे पूजेच्या नारळाचं गाठोडं, घेऊन जाणाऱ्यांना २०२२ च्या हंगामात तेवढी सवलत दिली होती, ती त्या यात्रेपुरती. सुक्या खोबऱ्याचं तर आणखी कडक. त्यात तेल, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून खोबऱ्याची वाटी मोठ्या बॅगेतही घालू देत नाहीत. पॉवर बँकेचं नेमकं उलटं, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची. नारळाच्या गावात जन्म काढून खोबरं पेट घेतं म्हणून धोक्याच्या मालात मोडतं, हे मला मुंबईत कळलं.

पण त्या बाईनं तो जप्त वस्तूंच्या डब्यात टाकला नाही. पाळी संपवून घरी निघालेल्या एका सफाईवाल्या मावशींना तिनं हाक मारली आणि मला म्हणाली, "तुमच्या हातानं द्या." मी दिला. मावशींनी तो कपाळाला लावून पदराखाली घेतला आणि मला म्हणाल्या, "सुखानं नांदा." विमानात बसेपर्यंत मी रडत होते. गुरुजींना वाटलं, मला उंचीची भीती वाटते.

अंदमानबद्दल फार सांगत नाही. मोसमी पाऊस आपल्याआधी तिथे पोचतो, त्या वर्षी १९ मेला पोचला आणि आम्ही २० ला. मे अखेरीस तिकडे जाणाऱ्यानं हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं. बोटी एक दिवस बंद राहिल्या, आम्ही खिडकीत बसून पत्ते खेळलो. कोठड्या बघून झाल्या तेव्हा सावरकरांना १९२१ मध्ये कलकत्त्यामार्गेच परत आणलं आणि पुढे रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं, हे गुरुजींनी मला दोनदा सांगितलं. आमचाही परतीचा रस्ता कोलकात्यावरूनच होता, हा योगायोग त्यांना फार आवडला होता. २६ मेपर्यंत.

त्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरहून निघून आम्ही कोलकात्याला उतरलो. मुंबईचं विमान दुपारी तीनचं, दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या तिकिटावर, कारण एजंटाला ते तसं स्वस्त पडलं होतं. विमानतळावर विचित्र गडबड. फलकावर ओळीनं लाल अक्षरं. बंगालच्या उपसागरात 'रेमल' चक्रीवादळ आलं होतं आणि दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत, एकवीस तास, कोलकाता विमानतळ बंद राहणार होता. ३९४ उड्डाणं त्यात अडकली. हे आदल्या दिवशीच जाहीर झालं होतं. कंपनीनं संदेशही पाठवला होता, एजंटाच्या नंबरावर. आणि त्या रविवारी एजंटाचा फोन बंद होता.

इथे जरा थांबून हिशेबाचं बोलते, कारण मुली हे लिहून घेतात. तिकिटावर नंबर आणि ईमेल आपलाच हवा, एजंटाचा नको, दिराचाही नको. जोडउड्डाणं असतील तर ती एकाच तिकिटात घ्यावीत, चार पैसे जास्त गेले तरी. वेगवेगळ्या तिकिटांत पहिलं विमान चुकलं म्हणून दुसरी कंपनी तुमचं काही देणं लागत नाही. कंपनीनं ऐन वेळी उड्डाण रद्द केलं तर नियमानं पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई मिळू शकते, पण वादळासारखं कारण असेल तर ती नाही. तरीही पूर्ण परतावा किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं एक मागायचा हक्क वादळातही राहतोच. खिडकीवरच्या माणसावर ओरडून तो लवकर मिळतो असा अनुभव नाही. आमच्या पुढचा एक गृहस्थ अर्धा तास ओरडला आणि त्यालाही आमच्यासारखीच, २८ तारखेची जागा मिळाली.

जवळची हॉटेलं भरलेली, नाहीतर भाव चौपट. आम्ही खांबाला टेकून बसलो होतो तेव्हा पोर्ट ब्लेअरच्या विमानात आमच्या शेजारी बसलेल्या आजी परत आत आल्या. लेकीकडे राहून दमदमच्या घरी चालल्या होत्या. अंदमानात बंगाली घरं पुष्कळ, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. विमानात त्यांनी माझा चुडा हातात घेऊन बघितला होता आणि आपल्या हातातल्या शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळी रंगाच्या लाल बांगड्या दाखवल्या होत्या. मुलाच्या गाडीत बसल्यावर त्यांना आमची आठवण झाली. "नवी नवरी जमिनीवर झोपणार?" असं काहीसं त्या बंगाली-हिंदीत म्हणाल्या.

अनोळखी घरी जावं का? मी कुणाला जा म्हणून सांगणार नाही. आम्ही गेलो, पण गाडीचा नंबर, घराचा पत्ता आणि मुलाचा फोटो बाबांना पाठवून गेलो, आणि तो त्या मुलाच्या समोरच काढला. त्याला राग आला नाही. उलट त्यानंच बाबांशी व्हिडिओवर बोलून घर दाखवलं. बाबांना हिंदी बेताचं, त्याला मराठी शून्य, तरी दोघं दहा मिनिटं बोलले, बहुतेक भरती-ओहोटीबद्दल.

संध्याकाळी वीज गेली. आजींनी मेणबत्तीच्या उजेडात खिचडी केली, वर तूप, बाजूला वांग्याचे तळलेले काप आणि आम्लेट. पावसात हेच खायचं असतं म्हणे. मध्यरात्रीच्या सुमारास वादळ किनाऱ्याला लागलं, ते सागर बेट आणि बांगलादेशातलं खेपुपाडा यांच्या मधे, म्हणजे आमच्यापासून लांब, पण आवाज मात्र दारात. त्या घराच्या अंगणात एक माड होता. माडाचा तो आवाज मी २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी आमच्या पडवीतून ऐकला होता, झावळ्या एकमेकींवर घासतात आणि मधेच सगळं थांबतं. थांबतं तेव्हाच भीती वाटते. आजी म्हणाल्या, "घाबरू नको." मी म्हटलं, "मी माडाखालचीच आहे." कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला. गुरुजी आणि तो मुलगा रात्रभर खिडक्यांना दोऱ्या बांधत राहिले आणि सकाळी दोघं जुने मित्र असल्यासारखे चहा पीत बसले होते.

अंगणात पाच-सहा नारळ पडलेले. मुंबईतल्या नारळाची गोष्ट मी रात्री सांगितली होतीच. आजींनी एक सोललेला नारळ माझ्यापुढे धरला आणि मग हसून मागे घेतला. दुपारी त्यांनी ते सगळे खवले, गूळ घालून परतले आणि लाडू वळले. त्याला ते नाडू म्हणतात. खवलेलं खोबरं गुळात शिजलं की ते खोबरं उरत नाही, असा त्यांचा कायदा. २८ ला कोलकात्याच्या तपासणीत डबा उघडायला लावला. त्या जवानानं वास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि झाकण लावून दिला.

भाट्याला पोचून आईच्या हातात डबा ठेवला. तिनं एक नाडू खाल्ला, जरा वेळ चघळत राहिली.

"गूळ जास्त झालाय," ती म्हणाली. मग दुसरा उचलला. "पण पत्ता देऊन ठेव त्यांचा. आंबे पाठवायला हवेत."