वर्गातील अबोल मूल आणि शिक्षकाची पूर्वतयारी



गणितात कच्चे असलेले मूल आपल्या चटकन ध्यानात येते. मनाने खचलेले मूल येतेच असे नाही. पहिल्याची चूक वहीत दिसते. दुसऱ्याचे दुःख वर्तनात दिसते, आणि त्याला आळस, खोडी किंवा उद्धटपणा असे नाव देऊन आपण मोकळे होतो. हे नाव देण्याची घाई कशी टाळावी व त्याऐवजी काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

१. विषयाची निकड

मानसिक विकारांपैकी सुमारे एक तृतीयांश विकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे त्यांचा आरंभ पुष्कळदा आपल्याच वर्गात, आपल्या डोळ्यांसमोर होत असतो.

आपल्या दोन जिल्ह्यांची परिस्थितीही लक्षात घ्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे दगावली. घरातला चिखल काही दिवसांत निघतो. मुलाच्या मनातली भीती तितक्या लवकर निघत नाही. याखेरीज खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यवसायातील कुटुंबे परप्रांती असतात, पाटण-जावळीकडील वडील माथाडी कामासाठी मुंबईस असतात, कित्येकांचे वडील सैन्यात असतात. अशा घरांतून पुष्कळ मुले आजी-आजोबांजवळ वाढतात. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारे मूल तर मित्र, शाळा व घर ही तिन्ही एकदमच मागे ठेवून येते. यांतील प्रत्येक मूल दुःखी असतेच असे नाही. परंतु कोणते दुःखी आहे हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

२. वर्तनामागील कारण

समजा, कृष्णाकाठच्या एका शाळेत पाचवीतील एक मुलगा आहे. जून लागला की तो वारंवार पोट दुखण्याची तक्रार करतो व घरी जाण्याची परवानगी मागतो. गुरुजी म्हणतात, "चुकारपणा करतोस." एके दिवशी बाई त्याला व्हरांड्यात घेऊन विचारतात, "पोट केव्हा दुखतं रे?" तो सांगतो, "आभाळ भरून आलं की." पुरात तो घराच्या माळ्यावर अडकला होता. त्याचे पोट खरोखरच दुखते. भीती पोटातही दुखते. अशा मुलास उठाबशा काढावयास लावल्याने शाळा हीदेखील भीतीची जागा होते, एवढाच लाभ!

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. वर्गासमोर टोचून बोलणे हे दुसऱ्या प्रकारात येते, याचा विसर पडू देऊ नये.

३. तीन पायऱ्या

पाहणे : मूल कसे आहे यापेक्षा त्यात काय बदल झाला आहे, हे पाहावे. पूर्वी बोलके असलेले अबोल झाले, मधल्या सुटीत एकटे बसू लागले, डबा किंवा शाळेतील आहार टाकू लागले, हजेरी घसरली, वर्गात झोप येऊ लागली, क्षुल्लक कारणावरून रडू किंवा मारामारी होऊ लागली. असा बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याची दखल घ्यावी.

ऐकणे : एकांतात, परंतु इतरांच्या नजरेच्या टप्प्यात, मुलाजवळ बसावे. "तुला काय झालंय?" असे दरडावून विचारण्यापेक्षा "हल्ली तू गप्प दिसतोस, मला काळजी वाटते," असे म्हणावे. मग थांबावे. उपदेश करू नये, दुसऱ्या मुलाचा दाखला देऊ नये, "एवढ्यानं काय होतं" असे तर मुळीच म्हणू नये.

जोडून देणे : पालक, मुख्याध्यापक, शाळा तपासणीस येणारे आरोग्य पथक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, अशी ही साखळी आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर संकटातील बालकांसाठीची सेवा १०९८ या क्रमांकावर मिळते. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावेत.

४. आपल्या मर्यादा

शिक्षक हा वैद्य नव्हे. रोगाचे नाव आपण ठेवू नये. मुलाने सांगितलेली गोष्ट कार्यालयात चहाबरोबर चर्चेस घेऊ नये. मात्र "कोणासही सांगणार नाही" असे वचनही देऊ नये. मुलाच्या जिवास धोका असेल, तर योग्य व्यक्तीस सांगणे हे कर्तव्यच होय. आणि लैंगिक अत्याचाराची बाब कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे.

मूल "मी नसलेलंच बरं" असे बोलले किंवा तसे लिहिले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. "जीव द्यावा असं तुला वाटतं का?" असे शांतपणे, स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलास सांगण्याची वाट मिळते. त्यानंतर त्यास क्षणभरही एकटे सोडू नये, पालकांस तत्काळ बोलवावे व त्याच दिवशी वैद्यकीय साहाय्य मिळवावे.

५. प्रशिक्षण कसे असावे

केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांस, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची कल्पना आहे. आपल्या द्विशिक्षकी शाळांत याचा अर्थ दोघांनीही शिकणे असा होतो. परंतु ऐकण्याची कला व्याख्यान ऐकून येत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिघांचा गट करावा : एकाने मूल व्हावे, एकाने शिक्षक, तिसऱ्याने निरीक्षण करावे. शिक्षक किती वेळा मध्येच बोलला, एवढेच निरीक्षकाने मोजावे. आकडा पाहून बहुतेकांस आपली सवय कळेल. आणि ऐकणाऱ्याचेही मन थकते. तेव्हा सहकाऱ्याची विचारपूस हाही या प्रशिक्षणाचा भाग मानावा.

१९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपले कोणीतरी आहे, हा विश्वास त्या मुलांना पुस्तकाआधी मिळाला. आपणाकडून दागिन्यांची अपेक्षा नाही. दिवसातून एका मुलासाठी पाच मिनिटांची मात्र आहे.

चर्चेसाठी प्रश्न

(१) गेल्या महिन्यात आपण शिक्षा केलेल्या एका मुलाचे वर्तन आठवा. त्यामागे आणखी कोणते कारण असू शकेल?
(२) आपल्या वर्गातील कोणत्या मुलाशी या आठवड्यात आपण एकही वाक्य बोललो नाही?
(३) आपल्या शाळेपासून सर्वांत जवळचे वैद्यकीय साहाय्य कोठे मिळते, व तेथे मुलास कोण घेऊन जाईल?