बॉनेट उघड, बाळा

बाबांची वॅगनआर आता तुझ्या हाती आली. धुऊनपुसून छान ठेवतोस, आरशाला माळही लावलीस. आता ब्रेक ऑइलकडेही बघ.

१. महिन्यातून एकदा डबीतली पातळी बाहेरूनच बघ, झाकण उघडू नकोस — हे ऑइल पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतला ओलावा ओढून घेतं. झाकण उघडं, ऑइल बिघडं!

२. पातळी हळूहळू उतरली, तर ओतण्याआधी पुढचे ब्रेक पॅड तपास — पॅड झिजले की ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं. वरून भर घातलीस, तर नवे पॅड बसवताना तेच उतू जाईल. अचानक उतरली, तर मात्र गाडी जागची हलवू नकोस. चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोध.

३. गाडी फारशी फिरली नाही म्हणून थांबू नकोस, दोन वर्षांनी ऑइल बदलच — दारात उभ्या गाडीतही ओलावा शिरतो. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. वरंध घाटात सारखा ब्रेक दाबत उतरलास, तर तापलेल्या ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पॅडल नुसतंच खाली जातं. तेव्हा ज्या गिअरने चढशील, त्याच गिअरने उतर.

४. झाकणावर लिहिलंय तेच ऑइल, तेही सीलबंद बाटलीतलं घे. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालेल, डॉट ५ नाही — ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. इंजिन ऑइलचा थेंबही नको — रबरी सील फुगतात.

५. हवा काढताना मेकॅनिकने निप्पल आवळेपर्यंत पॅडलवरचा पाय उचलू नकोस, आणि डबीचा तळ दिसू देऊ नकोस — दोन्हीकडून हवा आत शिरते. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव — मास्टर सिलिंडरच्या टोकाला, जिथं एरवी सील पोचत नाही, तिथं गंज साचतो, आणि पॅडल तळाला गेलं की सील त्यावर घासून फाटतं.

६. ऑइल गाडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओत — नाहीतर रंग सोलून निघतो.

७. काम झालं की गाडी चालू करून, जागेवरच उभी ठेवून पॅडल दाबून धर. पॅडल मऊ, रस्त्यावर नको नेऊ! घट्ट लागलं, तरी पहिली फेरी गल्लीतच, सावकाश मार.

८. ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेव — उद्या गाडी ताईने नेली, तर तिला तुला फोन करत बसायला नको.