झाकण गोलच का?

प्रश्न : माझी मुलगी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं, 'मॅनहोलचं झाकण गोल का असतं?' असल्या कोड्यांतून कंपन्यांना कळतं तरी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी झाकणाचं उरकू. चौकोनी झाकण उभं करून भोकाच्या कर्णावर धरलं तर थेट आत जातं. कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट लांब असतो ना! गोल झाकणाची रुंदी कुठूनही मोजा, सारखीच, त्यामुळे ते काठावर अडतं. (आपल्याकडे कित्येक झाकणं चौकोनीच असतात. हे मुलाखतीत बोलून दाखवायचं का, ते नोकरीची निकड किती यावर ठरवावं.)

मुलाखतीत कोडी घालण्याची ही तऱ्हा गाजवली मायक्रोसॉफ्टने, १९९०च्या दशकात. पण ती त्याहून जुनी. ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालेले विल्यम शॉकली यांनी १९५६च्या सुमारास कॅलिफोर्नियात कंपनी काढली, तेव्हा ते उमेदवारांना कोडी घालून वेळ मोजत बसत. त्यातलं एक फक्कड आहे : टेनिसच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १२७ खेळाडू, विजेता ठरेपर्यंत सामने किती? आपण लगेच कागद ओढतो. पहिल्या फेरीत ६३ सामने, एकाला पुढे चाल, मग ३२, मग १६... खरं तर बेरजेची गरजच नाही. प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि घरी जायचेत १२६. झालं, सामने १२६! एका तरुणाने हे चटकन सांगितलं, तर शॉकलींनाच संशय आला, म्हणे, की याने कोडं आधी ऐकलेलं असणार.

मेख नेमकी इथे आहे. सुचलेलं उत्तर आणि पाठ केलेलं उत्तर, दोन्ही ऐकायला सारखीच. कॅम्पस मुलाखतींना जाणारी मुलं तर कोडी घोकूनच जातात. 'विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील?' अशा प्रश्नांनी वेळ फुकट जातो, त्यातून काहीच कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं, असं २०१३ मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनीच सांगून टाकलं. मला ते पटतं. अंदाज बांधायला लावणारा प्रश्न त्यातल्या त्यात बरा, तोही उमेदवाराला मोठ्याने विचार करू दिला तरच.

मुलीला सांगा, ऐकलेलं कोडं आलं तर 'हे मला माहीत आहे' असं सरळ म्हणावं. समोरच्याकडे दुसरं नसेल, तर तो निमूट कामाचं विचारू लागतो.