स्पॅनिश मुलाचे 'इट' कुठे हरवते?

मातृभाषा स्पॅनिश असलेली मुले इंग्रजी शिकू लागली, की त्यांच्या वहीत दोन प्रकारची वाक्ये वारंवार दिसतात : 'इज रेनिंग' आणि 'जॉन लव्हज हर मदर'. पहिल्या वाक्यात 'इट' गळले आहे. दुसऱ्यात जॉनची स्वतःची आई अभिप्रेत आहे. पण वाचणाऱ्याला वाटते, की कुणा दुसऱ्याच मुलीच्या आईविषयी लिहिले आहे. या चुका निष्काळजीपणाच्या म्हणाव्यात, तर त्या इतक्या नेमाने का होतात? जेथे नेम आहे तेथे कारण असते. ते शोधू या.

पहिली चूक घेऊ. 'बोलणे' या क्रियापदाची स्पेनमधील रूपे पाहा : आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो किंवा ती बोलते), आब्लामोस (आम्ही बोलतो), आब्लाइस (तुम्ही बोलता), आब्लान (ते बोलतात). सहा कर्ते, सहा रूपे! कर्ता कोण हे शेवटचा प्रत्ययच सांगतो. म्हणून 'मी' या अर्थाचा 'यो' हा शब्द एरवी गाळतात. जोर द्यायचा असेल तेव्हाच वापरतात. इंग्रजीत मात्र 'स्पीक' आणि 'स्पीक्स' अशी दोनच रूपे आहेत. प्रत्ययाचे काम तेथे सर्वनामाला करावे लागते. ते गाळले, तर बोलणारा कोण हे कळणार नाही.

मग पावसाचे काय? स्पॅनिशमध्ये 'युएव्हे' हा एकच शब्द म्हणजे 'पाऊस पडतो' हे पूर्ण वाक्य. इंग्रजीत मात्र कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तेथे 'इट' बसवतात. हे 'इट' कोणत्याही वस्तूबद्दल बोलत नाही. एस. टी. च्या बाकावर रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसाच हा रुमाल! स्पॅनिश मूल 'इट'चा अर्थ शोधते, तो सापडत नाही, आणि मूल तो शब्द सोडून देते.

आता दुसरी चूक. 'त्याची आई' म्हणताना दोन प्रश्न उद्भवतात : मालक पुरुष की स्त्री? आणि जिच्याविषयी बोलायचे ती व्यक्ती किंवा वस्तू कोणत्या लिंगाची? चार भाषांची उत्तरे अशी :

मराठी 'त्याची' – दोन्ही सांगते. 'त्या' मालकाविषयी, 'ची' आईविषयी.
इंग्रजी 'हिज' – फक्त मालकाविषयी सांगते.
फ्रेंच 'सा' – फक्त आईविषयी सांगते.
स्पॅनिश 'सु' – दोन्हींविषयी काहीच सांगत नाही.

'सु' म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा, आणि आदराने बोलताना 'आपला'सुद्धा! शिवाय स्पॅनिशमध्ये 'आमचा' या अर्थाचा शब्द पुढच्या नामाप्रमाणे बदलतो : नुएस्त्रो पाद्रे (आमचे वडील), नुएस्त्रा माद्रे (आमची आई). ही सवय घेऊन आलेले मूल 'मदर' स्त्रीलिंगी म्हणून तिच्यामागे 'हर' जोडते. त्याच्या दृष्टीने ते बिनचूकच असते.

चांगल्या गृहीतकाने नवे भाकीतही करावे. मातृभाषेत ज्या माहितीसाठी कप्पा नाही तेथेच शिकणारा अडखळतो, असे आपले गृहीतक आहे. मराठी मालकाचे लिंग नोंदवते. तेव्हा मराठी मुलांनी 'हिज' आणि 'हर' यांत कमी घोटाळा करावा. पण 'उकडतंय' या आपल्या वाक्यातही कर्ता नाही. म्हणजे 'इट' गाळण्याचा धोका आपल्यालाही आहे!

उलट बाजूही पाहा. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन कप्पे आहेत. इंग्रजीत 'वुई' आणि स्पॅनिशमध्ये 'नोसोत्रोस' हा एकेकच. मराठी शिकणारा परदेशी पाहुणा 'उद्या आपण सहलीला जाणार' असे म्हणाला, तर ऐकणारा डबा भरून तयार राहील. पाहुण्याच्या मनात मात्र केवळ त्याचेच कुटुंब असेल!

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की अशा चुकीवर नुसती लाल रेघ ओढू नये. 'तुमच्या भाषेत हे कसे म्हणतात?' असे विचारावे. कारण कळले, की मुलाला आपण मठ्ठ आहोत असे वाटत नाही, आणि चूक कुठे शोधायची हेही त्याला समजते.

करून पाहा :
१. वर्गातील इंग्रजी निबंधांतून सर्वनामांच्या चुका गोळा करा. गळलेले 'इट' किती आणि 'हिज-हर'चा घोटाळा किती, ते मोजा. आपले भाकीत खरे ठरले का?
२. वर्गात कानडी, गुजराती, हिंदी किंवा उर्दू बोलणारे मित्र असतील, तर त्यांच्या भाषेसाठी वरच्यासारखी ओळ तयार करा.
३. कर्ता नसलेली आणखी मराठी वाक्ये शोधा.